एलटीओ युनिव्हर्सल क्लीनिंग कार्ट्रिज: कापूसपट्ट्यातल्या टेप ड्राइव्हसाठी कितपत कामाचं?

पतसंस्था, जिनिंग-प्रेसिंगचं ऑफिस, तालुक्याचं रुग्णालय, गावाबाहेरचं इंजिनिअरिंग कॉलेज. विदर्भात अशा ठिकाणी टेपवर बॅकअप घेतला जात असेल, तर सर्व्हरच्या कपाटात एक क्लीनिंग कार्ट्रिज, म्हणजे टेप ड्राइव्ह आतून साफ करणारी टेपची डबी, बहुधा असतंच. कुठे ते सील न फोडता वर्षानुवर्षं पडून असतं, कुठे दर सोमवारी नेमाने ड्राइव्हमध्ये घातलं जातं. दोन्ही रीती ड्राइव्हच्या मुळावर येतात. वस्तू म्हणून हे कार्ट्रिज चांगलं आहे, पाचपैकी चार तारे त्याला नक्की द्यावेत. पण ते ड्राइव्हने मागितल्यावरच घालायचं असतं. आणि ड्राइव्ह ते वारंवार मागत असेल, तर दुखणं बहुतेक वेळा खोलीत, टेपमध्ये किंवा नेटवर्कमध्ये असतं.

आधी वस्तूबद्दल. एलटीओ हा बॅकअपच्या टेपचा एक प्रकार, त्याच्या पिढ्यांना क्रमांक असतात. दिसायला हे डेटाच्या एलटीओ टेपसारखंच असतं, तोच आकार, तेवढीच जाडी. आतली टेप मात्र लिहिण्यासाठी नसून घासण्यासाठी असते. ती किंचित खरखरीत असते आणि हेडवरून (ड्राइव्हचा टेप वाचणारा-लिहिणारा भाग) फिरताना तिथे चिकटलेला थर खरवडून काढते. 'युनिव्हर्सल' हा शब्द इथे खरा आहे: एलटीओ-१ पासून एलटीओ-९ पर्यंतच्या ड्राइव्हना एकच कार्ट्रिज चालतं आणि कंपनीचं बंधन नाही. एचपीईचं सी७९७८ए आयबीएमच्या ड्राइव्हमध्ये चालतं, आयबीएमचं ३५एल२०८६ एचपीच्या ड्राइव्हमध्ये. त्यामुळे नावावरून जास्त पैसे मोजायचं कारण नाही. एक कार्ट्रिज ५० वेळा वापरता येतं. हा हिशेब कार्ट्रिजच्या आत बसवलेली चिप ठेवते आणि ड्राइव्ह तो बिनतारी वाचतो. आकडा संपला की ड्राइव्ह साफसफाई न करताच कार्ट्रिज बाहेर ढकलतो. वर्षाला तीन-चारदाच साफ करावं लागणाऱ्या ड्राइव्हला हे एक कार्ट्रिज आयुष्यभर पुरतं.

विकत घेताना दोन गोष्टी पाहा. डब्यावर एलटीओ किंवा अल्ट्रियम (एलटीओचंच दुसरं नाव) असं स्पष्ट लिहिलेलं हवं, कारण डीएटी आणि डीएलटी या जुन्या प्रकारच्या टेप ड्राइव्हची क्लीनिंग कार्ट्रिजं वेगळी असतात. जुन्या साठ्यातून ती 'टेप क्लीनर' म्हणून गळ्यात मारली जाऊ शकतात. दुसरं म्हणजे प्लास्टिकचं सील. किती वापर झाले हे कार्ट्रिजवर बाहेरून कुठेच दिसत नाही, त्यामुळे सील फुटलेलं कार्ट्रिज स्वस्तात मिळालं तरी घेऊ नये. त्यात दोनच वापर उरलेले असू शकतात. बाहेरून न दिसणारा हा आकडा या वस्तूतली सगळ्यात मोठी उणीव आहे आणि एक तारा आम्ही त्यासाठीच कापला आहे. लायब्ररीत, म्हणजे अनेक टेपा आपोआप बदलणाऱ्या यंत्रात, आकडा स्क्रीनवर दिसतो. एकट्या ड्राइव्हवाल्याला मात्र वही ठेवण्यावाचून गत्यंतर नाही: तारीख, कोणी घातलं, कशामुळे घातलं.

आता कधी घालायचं. डीएटीच्या काळात ठराविक तासांनी, नाहीतर दर आठवड्याला हेड साफ करायचा रिवाज होता. ती सवय एलटीओवर आणली की नुकसान होतं. बहुतेक एलटीओ ड्राइव्हमध्ये एक छोटा ब्रश आतच असतो. टेप घालताना-काढताना तो हेडवरून फिरतो आणि रोजची धूळ त्यातच निघते. वरून खरखरीत टेप गरज नसताना फिरवली की हेड झिजतं, आणि झिजलेलं हेड दुरुस्त होत नाही, ड्राइव्हच बदलावा लागतो. म्हणून ड्राइव्ह काय सांगतो ते बघायचं. आयबीएमच्या ड्राइव्हवर समोरच्या छोट्या खिडकीत 'सी' हे अक्षर उमटतं. एचपीच्या ड्राइव्हवर क्लीन नावाचा नारिंगी दिवा लुकलुकतो. बॅकअप सॉफ्टवेअरमध्ये हेच टेपअलर्ट म्हणून येतं: २० क्रमांक म्हणजे आत्ता साफ करा, २१ म्हणजे सवडीने करा, २२ म्हणजे कार्ट्रिज संपलं. लिनक्सवर टेपइन्फो ही कमांड हे इशारे दाखवते. त्यातही एक मेख आहे. इशारे एकदा वाचले की ड्राइव्ह सहसा ते पुसून टाकतो. रात्री सॉफ्टवेअरने वाचले असतील, तर सकाळी कमांड देणाऱ्याला सगळं आलबेल दिसेल. म्हणून आधी बॅकअपचा लॉग उघडायचा, कमांड नंतर.

दिवा लागण्याआधीही हेड मळल्याची चाहूल लागते. एलटीओ ड्राइव्ह लिहिता लिहिताच लिहिलेलं वाचून तपासतो. एखादा तुकडा नीट उमटला नसेल, तर तोच तुकडा टेपवर पुढे पुन्हा लिहितो. हेडवर थर बसला की हे पुन्हा लिहिणं वाढतं. परिणाम दोन: तेवढाच बॅकअप घ्यायला जास्त वेळ लागतो, आणि टेप नेहमीपेक्षा लवकर भरते. एलटीओ-६ च्या टेपवर कॉम्प्रेशनशिवाय २.५ टीबी मावायला हवं. तुमचा डेटा तेवढाच असून टेप दोनच्या आसपास 'भरली' म्हणत असेल, तर हेड किंवा टेप यांपैकी एकाची तब्येत बिघडली आहे.

प्रत्यक्ष साफ करणं अगदी सोपं आहे. चालू बॅकअप थांबवा, आत असलेली टेप काढा. कार्ट्रिज हातात घेऊन बाजूचं सरकतं झाकण हलकेच उघडा आणि आतली बारीक धातूची पिन दोन्ही टोकांना नीट बसलेली आहे का ते बघा. याच पिनला पकडून ड्राइव्ह टेप आत ओढतो. पिन तिरकी असेल तर कार्ट्रिज घालू नका, नाहीतर ते आत अडकून बसेल. बाण वरच्या बाजूला ठेवून कार्ट्रिज ड्राइव्ह ओढून घेईपर्यंत आत सरकवा. कुठली कमांड लागत नाही, चिप वाचून ड्राइव्ह स्वतःच ओळखतो. दोन ते पाच मिनिटांत काम आटोपतं आणि कार्ट्रिज आपोआप बाहेर येतं. तेवढ्या वेळात बटण दाबू नका, वीज बंद करू नका. बाहेर आल्यावर दिवा विझला का ते पाहा आणि वहीत नोंद करा. एका बैठकीत एकदाच घालायचं. 'अजून एकदा फिरवू' म्हणून लागोपाठ चार-पाचदा घालणारे लोक आहेत, त्यातून फक्त हेड झिजतं.

आणि मग खरा प्रश्न येतो: साफ केलं, दोन दिवसांनी दिवा पुन्हा लागला. इथे बहुतेक ठिकाणी कार्ट्रिज परत घातलं जातं, आणि इथेच थांबायला हवं. त्या रात्री कोणती टेप होती ते लॉगमध्ये शोधा. दिवा दरवेळी त्याच एका टेपनंतर लागत असेल, तर दोष टेपचा आहे. तिचा मुलामा सुटतोय किंवा कडा दुमडली आहे, आणि ती दर रात्री हेड मळवते आहे. ती टेप फेऱ्यातून काढा, तिच्यावरचा डेटा दुसरीकडे उतरवून घ्या आणि तिच्यावर लाल पेनाने फुली मारा. वेगवेगळ्या टेपांनंतर दिवा लागत असेल, तर एक नवी, चांगल्या कंपनीची टेप घालून तपासा. नव्या टेपवरही तेच होत असेल, तरच ड्राइव्हवर संशय घ्या. एचपीईचं लायब्ररी अँड टेप टूल्स आणि आयबीएमचं आयटीडीटी ही दोन्ही साधनं फुकट मिळतात. त्यांच्यात ड्राइव्हची सविस्तर चाचणी आहे. मात्र चाचणीची निवड करताना सावध राहा: ड्राइव्ह तपासणाऱ्या चाचण्या टेपवर लिहितात आणि आधीचा डेटा जातो. चाचणीसाठी एक कोरी टेप वेगळी ठेवा.

जिनिंग चालू असते त्या महिन्यांत, वेचणीपासून उन्हाळ्याच्या तोंडापर्यंत, आपल्याकडच्या हवेत कापसाचे बारीक तंतू तरंगत असतात. हिंगणघाट, वणी, अकोट अशा गावांत ते खिडकीच्या जाळीवरच दिसतात. त्याआधी ऑक्टोबरात सोयाबीनच्या मळणीची धूळ असते. टेप ड्राइव्हचा पंखा समोरच्या फटीतून हवा ओढतो आणि मागून सोडतो, म्हणजे ही सगळी धूळ थेट टेपच्या वाटेतून जाते. सुटी धूळ ब्रशने निघते. कापसाचा तंतू मात्र कोपऱ्यात अडकून राहतो आणि त्याला पुढची धूळ चिकटत जाते. यावर क्लीनिंग कार्ट्रिजचा उपयोग थोडाच. इलाज खोलीत करायचा आहे: रॅकच्या दारात धुण्यासारखा जाळीचा फिल्टर लावा आणि हंगामात तो दर पंधरा दिवसांनी धुऊन, पूर्ण वाळवून परत बसवा. रॅक दरवाज्यासमोर किंवा प्रिंटरशेजारी नको, कारण कागदाची भुकटी आणि टोनरही त्याच फटीतून आत जातात. ड्राइव्ह सगळ्यात खालच्या खणात नको. खोलीत केरसुणी फिरवू नका, ओल्या फडक्याने पुसून घ्या.

दिवाळीच्या साफसफाईत दुकानातला मुलगा ब्लोअर घेऊन येतो आणि सर्व्हरपासून स्विचपर्यंत सगळ्यावर मारतो. टेप ड्राइव्हच्या तोंडात ब्लोअर कधीही मारू द्यायचा नाही. बाहेरची धूळ त्या दाबाने थेट हेडपर्यंत जाते आणि पिन पकडणाऱ्या यंत्रणेत तंतू अडकतो. कान साफ करायच्या कापसाच्या काडीवर आयसोप्रोपिल अल्कोहोल घेऊन एलटीओचं हेड पुसण्याचा सल्लाही काही जण देतात. कॅसेट प्लेअरच्या काळात ते चालायचं. एलटीओच्या हेडवर पिढीनुसार एका वेळी ८, १६ किंवा ३२ वाहिन्या वाचणाऱ्या-लिहिणाऱ्या फटी असतात. कापसाचा एक धागा मागे राहिला तरी काम बिघडतं, आणि ड्राइव्ह उघडला की वॉरंटीही जाते. टेपची बाहेरची बाजू मळली असेल तर धागे न सुटणाऱ्या कोरड्या कापडाने पुसा, पाणी-साबण नको.

उन्हाळा हा दुसरा शत्रू. ड्राइव्ह चालताना आत जाणारी हवा मॉडेलनुसार फार तर ३५ ते ४० अंशांपर्यंत चालते. अकोला, वर्धा, चंद्रपूर भागात मे महिन्यात बाहेर ४५ सहज असतं. दिवसा एसी चालू असतो, सगळं ठीक दिसतं. पण बॅकअप लागतो रात्री, आणि एसी संध्याकाळी शेवटचा माणूस बंद करून जातो. बंद खोलीत सर्व्हरची ऊब साठते आणि ड्राइव्ह नेमका सगळ्यात तापलेल्या वेळी काम करतो. टेपअलर्ट ३६ म्हणजे ड्राइव्ह तापला. तो लॉगमध्ये दिसला, तर बॅकअपची वेळ एसी चालू असतानाची करा, किंवा एसीला टायमर लावा.

कूलरबद्दल नीट सांगायला हवं, कारण आपल्याकडे सर्व्हरच्या खोलीतही कूलर लावलेला असतो. ड्राइव्हला आर्द्रता २० ते ८० टक्के चालते, पण वेट बल्ब तापमान (ओल्या फडक्यात गुंडाळलेल्या थर्मामीटरवर दिसणारं, हवेतला दमटपणा धरून येणारं) २६ अंशांपलीकडे जायला नको, अशीही अट माहितीपत्रकात असते. मे महिन्यातल्या कोरड्या हवेत कूलर या अटीत कसाबसा बसतो. जूनमध्ये पाऊस जवळ आला की खोली ३२ अंश आणि आर्द्रता ७० टक्के होते. तेव्हा वेट बल्ब २७ च्या वर जातं, म्हणजे थर्मामीटरवर खोली 'थंड' दिसत असतानाच ड्राइव्ह मर्यादेबाहेर गेलेला असतो. दमट हवेत टेप हेडला चिकटते आणि मुलामा लवकर सुटतो. पूर्णेच्या खारपाणपट्ट्यात तर कूलरच्या वाळ्यावर क्षारांचा पांढरा थर जमतो, आणि पाणी उडत असेल तर ते क्षारही वाऱ्याबरोबर येतात. लहानशी खोली पार्टिशन करून तिला एक टनाचा एसी लावणं, हाच यावरचा खात्रीचा उपाय. तेवढा खर्च जमत नसेल तर निदान कूलरचा झोत रॅकवर येऊ देऊ नका आणि पावसाळ्यात कूलर बंद ठेवा.

हेड मळण्याचं आणखी एक कारण आहे, आणि त्याकडे कोणाचंच लक्ष जात नाही: मंद गतीने येणारा डेटा. एलटीओ-६ ची स्वतःची गती सेकंदाला १६० एमबी आहे. डेटा सावकाश येत असेल तर ड्राइव्ह आपली गती कमी करतो, पण साधारण ४० ते ५५ एमबीच्या खाली त्याला जाता येत नाही. त्याखाली डेटा आला की टेप थांबते, मागे जाते, जागा शोधते आणि पुन्हा पुढे धावते. खोलीत उभं राहिलं तर हा हिसक्यांचा आवाज स्पष्ट ऐकू येतो. प्रत्येक हिसक्याला टेप हेडवर जास्तीची घासली जाते. जुना १०० एमबीपीएसचा स्विच असेल तर त्यातून सेकंदाला जेमतेम १२ एमबी येतं, म्हणजे रात्रभर हेच चालतं. अशा ठिकाणी महिन्याला दिवा लागतो आणि कार्ट्रिजला दोष दिला जातो. उपाय सोपा: आधी बॅकअप सर्व्हरच्या स्थानिक डिस्कवर घ्या, मग तिथून एका दमात टेपवर उतरवा. लाखो लहान फाइली असतील, सातबाऱ्याची स्कॅन किंवा एक्स-रेची चित्रं, तर त्या एका मोठ्या टार फाइलमध्ये (अनेक फाइलींचं एकच गाठोडं) बांधून पाठवा. स्विच गिगाबिट करून घ्या. एवढं केलं की क्लीनिंगची मागणी बरीच कमी होते.

टेपची ने-आण हाही भाग आहेच. शाखेतून जिल्ह्याला टेप पाठवताना ती प्लास्टिकच्या डबीत, उभी ठेवून पाठवा. मोटरसायकलच्या डिकीत किंवा उन्हात उभ्या गाडीत ठेवू नका. थंड खोलीतून किंवा तापलेल्या गाडीतून आलेली टेप लगेच ड्राइव्हमध्ये घालू नका, २४ तास खोलीत राहू द्या. पावसाळ्यात तर नक्कीच, कारण थंड टेपवर दव धरतं. हातातून फरशीवर पडलेली टेप पिन जागेवर दिसली तरी बॅकअपसाठी वापरू नका. फार तर तिच्यावरचा डेटा उतरवून घ्या. दीर्घकाळ जपायच्या टेपा १६ ते २५ अंश आणि २० ते ५० टक्के आर्द्रतेत ठेवायच्या असतात. लोखंडी कपाट बाहेरच्या भिंतीला टेकून ठेवू नका.

भारनियमन असलेल्या गावात ड्राइव्ह ऑनलाइन यूपीएसवरच हवा. लिहिताना वीज गेली तर शेवटची खूण टेपवर उमटत नाही आणि त्या रात्रीचा बॅकअप गेला असंच धरायचं. वीज परत आल्यावर टेप बाहेर येत नाही म्हणून घाबरून ओढाओढ करू नका. एलटीओ-६ ची टेप ८४६ मीटर लांब असते, ती गुंडाळायलाच वेळ लागतो. काढायचं बटण एकदा दाबून दहा मिनिटं थांबा.

जुन्या ड्राइव्हची निगा राखण्याचं आणखी एक कारण आहे. एलटीओ-८ चा ड्राइव्ह एलटीओ-६ ची टेप वाचत नाही, तो फक्त सातची आणि आठची वाचतो. पाच-सहा वर्षांपूर्वीचे हिशेब एलटीओ-६ वर असतील, तर सहाचा किंवा सातचा चालू ड्राइव्ह कुठेतरी टिकवावाच लागेल. असा ड्राइव्ह धूळ खात बंद ठेवू नका. महिन्यातून एकदा चालू करून एक जुनी टेप वाचून बघा, आणि बंद असताना त्याच्या तोंडावर झाकण ठेवा.

लायब्ररी वापरणाऱ्यांसाठी दोन गोष्टी. क्लीनिंग कार्ट्रिजवर सीएलएन ने सुरू होणारं बारकोडचं लेबल हवं, नाहीतर लायब्ररी त्याला डेटाची टेप समजून बॅकअपच्या फेऱ्यात ओढू शकते. हे लेबल बऱ्याचदा कार्ट्रिजसोबत येत नाही, वेगळं मागवावं लागतं. ऑर्डर देतानाच विचारा. लेबल ठरलेल्या खाचेतच चिकटवा, बाहेर आलेला कोपरा ड्राइव्हमध्ये अडकतो. दुसरं, आपोआप साफ करण्याची सोय लायब्ररीत चालू करा किंवा बॅकअप सॉफ्टवेअरमध्ये, दोन्हीकडे नको. दोन्हीकडे चालू असेल तर एकाच मागणीवर दोनदा साफ होतं आणि ५० चा आकडा अर्ध्या काळात संपतो.

तालुक्याच्या दुकानात हे कार्ट्रिज शेल्फवर मिळत नाही, मागवावं लागतं आणि यायला दिवस लागतात. म्हणून वहीतला आकडा ४५ झाला की पुढचं मागवून ठेवा, आणि संपलेल्या कार्ट्रिजवर मोठ्या अक्षरात 'संपलं' लिहून ते कपाटातून बाहेर काढा.